बार्शी लाइटच्या वाटेवर

श्रोतेहो, आमच्या धाराशिव जिल्ह्याचा इतिहास म्हटला की नळदुर्ग, परंडा, तेर आणि तुळजापूर ही नावे आधी निघतात. ती निघावीतच. मी मात्र आज अडीच फूट रुंदीच्या एका रेल्वेमार्गाची हकिकत सांगणार आहे. या मार्गावर मी 1958 पासून 1996 पर्यंत गँगमन होतो. ऐंशी केव्हाच ओलांडली, डोळे अधू झाले. पण कोणत्या मोरीपाशी पाणी तुंबायचं, ते अजून सांगेन.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने ही बार्शी लाइट रेल्वे उभारली. 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली, 1907 साली ती आमच्या कसबे तडवळ्याला आली आणि 1911 साली लातूरला पोहोचली. रूळ हलका, यार्डाला तीस पौंडांचा. म्हणून एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, असा हिशेब त्याने बसवला होता.

या गाडीचे खरे नवल पुढेच आहे. बार्शी-पांगरी हा इंग्रजांचा मुलूख आणि येडशीपासून निजामाची मोगलाई. मधल्या हद्दीवर निजामाच्या जकातीचा, म्हणजे करोडगिरीचा जाच. अलीकडे कारभार उर्दूत, पलीकडे मराठी-इंग्रजीत. नाणेसुद्धा वेगळे: सहा कलदार रुपये मोजले की सात हाली मिळायचे. माझे वडील याच लाइनीवर कामाला होते. ते म्हणायचे, “रूळ एकच हाय, पण राजं दोन हायती.” 1941 साली तडवळ्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची महार-मांग वतनदार परिषद भरली, तेव्हा वडील गर्दीत उभे होते. त्या दिवसाची गोष्ट त्यांनी आम्हांला कितीदा तरी सांगितली.

1948 साली मी दहा वर्षांचा होतो. रझाकारांच्या भीतीने गावोगावची माणसे हद्दीपलीकडे निघाली. आईने चांदीचे चार दागिने गोधडीत शिवले आणि आम्ही रात्री रुळाच्या कडेकडेने पायी चालू लागलो. दिवा लावायचा नाही, बोलायचे नाही. वडील पुढे होते. अंधारात त्यांना वाट विचारावी लागली नाही, कारण मोरी न् मोरी त्यांच्या हाताखालून गेलेली. येडशीचा घाट उतरून पांगरीला पोहोचलो, तेव्हा उजाडले होते. त्या सप्टेंबरात भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गाच्या वाटेने आत आली आणि आम्ही त्याच रुळाच्या कडेने घरी परतलो.

1954 साली सरकारने ही रेल्वे विकत घेतली. चार वर्षांनी वडिलांची पहार माझ्या हाती आली. आमची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन्ही वेळा रूळ वाकडा होतो. मुकादम गुडघे टेकून, एक डोळा मिटून रुळावरून नजर लावायचा आणि हाताने खूण करायचा. आम्ही पहारी लावून रूळ सरकवायचो, बीटरने खडी ठोकून बसवायचो.

1972 च्या दुष्काळात सारा गाव खडी फोडायला गेला. माझा थोरला भाऊही गेला. हाती खडी दोघांच्याही. पण माझा पगार ठरल्या तारखेला व्हायचा, त्याच्या हजेरीचा भरवसा नसे. त्याची लेकरे वर्षभर आमच्या चुलीवर जेवली. भाऊ मात्र जेवायला कधी आला नाही. सुकडी खाऊन निजायचा. ती गोष्ट मला अजून टोचते.

पुढे रुंद मार्ग आला. 2007-08 साली तो नव्या आखणीने धाराशिव शहरातून गेला. तडवळ्याला गाडी आल्यावर जिल्ह्याच्या गावाला ती मिळायला शंभर वर्षे लागली! ही सोय झाली, फार चांगले झाले. पण जुने रूळ उचलले, त्या दिवशी मी घराबाहेर पडलो नाही.

गुरुजनहो, एक विनंती आहे. किल्ला दाखवायला मुलांना नेता, तसे एकदा जुन्या लाइनीच्या भरावावरही न्या. बरोबर गावातला एखादा म्हातारा घ्या. तो काय सांगतो, ते मुलांना वहीत लिहून घेऊ द्या. भराव नांगराखाली जाईल, म्हाताराही जाईल. वही तेवढी शाळेत राहील.