कोंबडीची पिसे काढताना पाणी किती गरम हवे? त्यासाठी कोणता थर्मामीटर घ्यावा?

घरी किंवा शेतावर कोंबडी साफ करताना पाण्याचा अंदाज बहुतेक वेळा वाफ पाहून किंवा बोट बुडवून घेतला जातो. बोट बुडवणे धोक्याचे आहे, कारण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांतच त्वचा भाजते. शिवाय अंदाज पाच-सहा अंशांनी चुकला तरी काम बिघडते. पाणी कोमट असेल तर पिसे निघत नाहीत. ते फार गरम असेल तर कातडी अर्धवट शिजते आणि पिसांसोबत फाटून येते.

नेमके तापमान किती?

पिसाचे मूळ त्वचेतल्या बारीक खळगीत घट्ट बसलेले असते. उष्णतेने ही पकड सैल होते. त्यासाठी दोन पद्धती वापरतात.

• ५० ते ५३ अंश सेल्सिअस, सुमारे दोन मिनिटे: कातडीचा वरचा पिवळसर थर टिकतो. कोवळ्या पक्ष्यांसाठी योग्य.
• ६० ते ६५ अंश, साधारण अर्धा ते एक मिनिट: पंख आणि शेपटीची जाड पिसेही सहज निघतात, पण वरचा थर जातो. घरी हीच पद्धत सोयीची पडते.

पक्षी पाण्यात बुडवण्यापूर्वी तो पूर्ण मेलेला आणि रक्त निथळलेले असले पाहिजे.

कोणता थर्मामीटर घ्यावा?

डिजिटल, लांब दांड्याचा: सर्वात सोयीचा. आकडा काही सेकंदांत दिसतो. वाफेने खराब होऊ नये म्हणून पाणीरोधक घ्यावा.

काटा असलेला, गोल तबकडीचा: बॅटरी लागत नाही आणि क्लिपने पातेल्याला अडकवता येतो. मात्र दांडा काही सेंटीमीटर पाण्यात बुडवावा लागतो आणि काटा सावकाश सरकतो. ० ते १०० अंशांची तबकडी घ्या. ३०० अंशांपर्यंतच्या तबकडीवर दोन-तीन अंशांचा फरक ओळखणे कठीण जाते.

इन्फ्रारेड ‘गन’: फक्त पृष्ठभागाचे तापमान सांगते. वर वाफ असल्याने आकडा चुकू शकतो.

तापाचा थर्मामीटर: अजिबात नको. तो साधारण ४२ अंशांपर्यंतच मोजतो. काचेचा असेल तर गरम पाण्यात फुटू शकतो आणि पारा असल्यास तो मांसात व घरात पसरण्याचा धोका असतो.

तो बरोबर दाखवतो का?

ठेचलेला बर्फ आणि थोडे पाणी एकत्र ढवळून त्यात दांडा धरा. आकडा ० च्या आसपास यायला हवा. उकळत्या पाण्यानेही तपासता येते, पण उंचीचा हिशेब ठेवा. समुद्रकिनारी पाणी १०० अंशांना उकळते, पुण्यात साधारण ९८ ला, तर महाबळेश्वरला ९६ च्या जवळपास. तिथे १०० दिसले नाही म्हणून थर्मामीटर बिघडला असे समजू नका.

मोजताना काय लक्षात ठेवावे?

• आधी पाणी ढवळा, मग पातेल्याच्या मध्यभागी मोजा. दांडा तळाला टेकवू नका.
• आकडे फॅरेनहाइटमध्ये आहेत का ते पाहा. ६० अंश सेल्सिअस म्हणजे १४० फॅरेनहाइट.
• प्रत्येक पक्ष्यानंतर पाणी थंड होते, म्हणून पुढच्या पक्ष्याआधी पुन्हा मोजा.
• छातीवरचे पीस ओढून पाहा. सहज निघाले की पक्षी लगेच बाहेर काढा.
• काम झाल्यावर दांडा साबणाने धुवा. कच्च्या कोंबडीवरचे जंतू त्यावर राहू शकतात.