सर्पगंधेची मुळी, केईएम आणि सेरोटोनिन #थ्रेड

१/ सेरोटोनिनची नक्कल करणारी रसायने आज प्रयोगशाळेत घडवली जातात. काहींची रचना तर ट्रिप्टामीन आणि एलएसडीचे कुल असलेले एरगोलीन यांच्या मधोमध बसते. पण सेरोटोनिनचा मनाशी संबंध आहे, हे मुळात कळले कसे? त्या शोधाची एक वाट परळच्या केईएम रुग्णालयातून जाते.

२/ १९४९. डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या होत्या. रक्तदाब सावकाश उतरे आणि औषध थांबवल्यावरही परिणाम काही काळ टिकून राही.

३/ वकील पहिले नव्हेत. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्याहून १९३१ मध्येच उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर ही मुळी सुचवली होती. मात्र परदेशी डॉक्टरांचे लक्ष वेधले ते वकिलांच्या निबंधाने. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून आपल्या रुग्णांवर मुळी वापरून पाहिली. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीने तिच्यातून ‘रेसर्पीन’ वेगळे काढले.

४/ सेरोटोनिन रक्तातून १९४८ मध्ये वेगळे झाले होते, १९५३ मध्ये ते मेंदूतही सापडले. एलएसडी सेरोटोनिनच्या कार्यात ढवळाढवळ करते, हेही दिसत होते. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी, प्लेचर आणि शोर यांनी दाखवले की, रेसर्पीन दिल्यावर प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. म्हणजे हे रसायन सेरोटोनिनची नक्कल करत नाही; त्याचे कोठारच उपसते. मनःस्थितीमागे रसायन असते, या कल्पनेला येथे प्रथमच मोजता येईल असा आधार मिळाला.

५/ रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांत नैराश्य दिसले. त्यावरून ‘सेरोटोनिन घटले की नैराश्य’ हे समीकरण रूढ झाले. आज ते इतके सरळ मानले जात नाही.

६/ ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते : वैद्यांना मुळीचा गुण ठाऊक होता, सेरोटोनिन नव्हे. आणि ही कथा थेट बाझेलपासून सुरू करणारे परळ गाळतात, कलकत्ताही गाळतात. माझ्या मते दुसरी चूक अधिक गंभीर, कारण ती पाठ्यपुस्तकांत शिरते.

७/ वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी हा पुरस्कार मिळालेल्या नेथन क्लाइन यांनी हेच रेसर्पीन न्यूयॉर्कमध्ये मनोरुग्णांना दिले होते.