घरच्या भांडणातला तिसरा माणूस

भांडण दोघांचे असते, पण आपल्याकडे ते दोघांत क्वचितच मिटते. तिसरा लागतो. भावाभावांत बिनसले तर मामा येतो, नवरा-बायकोत वाजले तर दोन्हीकडची चार माणसे जमतात, त्याहून पुढे गेले तर पोलीस पाटील. शेवगाव परिसरात याला साधा शब्द आहे, 'बैठक'. बैठक बसते, बैठकीत मिटते, कधी बैठकच मोडते.

गेली काही वर्षे मी आमच्या तालुक्यातल्या जमिनींचा इतिहास जमेल तसा जुळवतो आहे. त्यासाठी घरोघरची जुनी वाटणीपत्रे वाचावी लागतात. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, बांधावरची आंब्याची झाडे, बैलजोडी, तांब्याचे हंडे अशी सगळी मोजदाद त्यांत बारकाईने असते. घर का फुटले याबद्दल मात्र एखादीच ओळ असते: आपसांत पटत नाही. पन्नास वर्षे एका चुलीवर जेवलेली माणसे वेगळी झाली, त्याची कारणमीमांसा एवढ्यात आटोपते. ती ओळ वाचून वाचून माझे लक्ष जमिनीवरून त्या बैठकीतल्या तिसऱ्या माणसाकडे गेले. त्याचे नेमके काम काय? त्याचे उत्तर गेल्या दोनशे वर्षांत तीनदा बदललेले दिसते आणि आजच्या 'कौटुंबिक समुपदेशना'चे मोल त्या बदलांशिवाय कळत नाही.

निवाडा

पहिले उत्तर निवाड्याचे. १८१८मध्ये पेशवाई बुडाली आणि नगरचा मुलूख इंग्रजांकडे गेला. या प्रदेशाची व्यवस्था लावणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीचा विचार मोठ्या आस्थेने केला आहे. तिचे दोष त्याला दिसत होते. काम रेंगाळते, पंचांना गोळा करणे अवघड, निवाडा अमलात आणायला बळ नाही. तरीही लोकांचा तिच्यावर विश्वास आहे, म्हणून ती टिकवावी असे त्याचे मत होते. पुढे १८२७च्या मुंबई इलाख्याच्या कायदेसंग्रहाने कचेरीची आणि कोर्टाची घडी बसवली आणि पंचायत मागे पडली. गावातून मात्र ती गेली नाही.

पंचांचे सामर्थ्य मोजता येणाऱ्या गोष्टींत होते. वाटणी, वतन, दत्तक, कर्ज. 'पंच परमेश्वर' म्हणायचे, म्हणजे त्यांनी सांगितले की विषय संपला. पण सून दोन वर्षे सासूशी बोललेली नाही किंवा धाकटा बापासमोर मान वर करत नाही, ही गोष्ट पंचांपुढे दावा म्हणून मांडताच येत नव्हती. बायकांना तर बैठकीत जागाच नव्हती. त्यांचे म्हणणे दाराआडून यायचे, तेही कोणा पुरुषाच्या तोंडून.

निवाड्याचे सर्वांत कडक रूप आमच्या शेजारी, पाथर्डी तालुक्यातल्या मढीला पाहायला मिळत असे. कानिफनाथांची मढी म्हणजे भटक्यांची पंढरी. होळीपासून पाडव्यापर्यंतच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरायचा आणि त्याच मुक्कामात अनेक भटक्या जमातींच्या जातपंचायती बसायच्या. वर्षभर पालं टाकत फिरणाऱ्यांना गावाची पंचायत नव्हती आणि कोर्टाची पायरी परवडणारी नव्हती. त्यामुळे सोयरीक, काडीमोड, पळून जाणे, माहेरी बसून राहणे हे सगळे तिथेच ठरे. ही सोय होती हे नाकारू नये. आपल्या भाषेत, थोड्या वेळात, ओळखीच्या माणसांपुढे गाऱ्हाणे मांडता येई. पण हत्यार दोनच होते, दंड आणि जातीबाहेर टाकणे. दोन्हींची भीती घराला गप्प करू शकते, बोलते करू शकत नाही.

२०१३मध्ये नाशिकमधल्या एका तरुणीच्या हत्येनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अखेरच्या कामांपैकी हे एक. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६चा, तो ३ जुलै २०१७पासून लागू झाला. वाळीत टाकणे गुन्हा ठरले. पण पंचायत गेली तरी भांडणे उरलीच. ती घेऊन आता जायचे कुठे, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही.

तडजोड

दुसरे उत्तर तडजोडीचे. त्याची सुरुवात एका दुःखद वळणावर झाली. १९८२मध्ये पुण्यात सुशिक्षित घरांतल्या दोन विवाहितांच्या मृत्यूंनी समाज हादरला आणि त्यातून नारी समता मंच उभा राहिला. विद्या बाळ त्याच्या संस्थापकांपैकी. मंचाने चालवलेल्या केंद्राचे नावच 'बोलते व्हा' होते. मला हे नाव इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. घरातले दुःख दाराबाहेर नेऊ नये, ही आपली शिकवण. त्या नावाने ती उलटवली. पुढे २००८मध्ये विद्याताईंनी पुरुषांसाठी 'पुरुष संवाद केंद्र' काढले. एकाच बाजूने बोलून घर सुधारत नाही, हे त्यामागचे शहाणपण.

१९८४ साली दोन गोष्टी घडल्या. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली. आणि त्याच वर्षी संसदेने कौटुंबिक न्यायालयांचा कायदा केला. मुंबई आणि पुण्यात ही न्यायालये १९८९मध्ये सुरू झाली. या कायद्याने वकिलाची मध्यस्थी हक्क म्हणून ठेवली नाही, समेटाचा प्रयत्न करणे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आणि समुपदेशकाला न्यायालयाच्या रचनेत जागा दिली. 'विवाह समुपदेशक' हे सरकारी पद महाराष्ट्राला असे परिचयाचे झाले.

पण त्याच कायद्यात न्यायाधीश निवडताना विवाहसंस्थेचे रक्षण करण्याची बांधिलकी असलेली माणसे घ्यावीत, असेही म्हटले आहे. इथेच तडजोडीची मेख आहे. घर टिकवणे हेच ध्येय असेल तर घरातल्या माणसांचे काय? १५ ऑगस्ट २००७ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत हे आम्ही गावपातळीवर पाहिले. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ही कल्पना. गावाने समिती नेमायची, तंटे गावातच मिटवायचे, गावाला बक्षीस. बांधाचे, रस्त्याचे कितीतरी वाद त्यात खरोखर मिटले आणि लोकांचे कोर्टातले हेलपाटे वाचले. मात्र नवरा-बायकोचा वाद आला की समितीतल्या ज्येष्ठांच्या तोंडी एकच वाक्य येई, "बाई, नांदायला जा." नांदायला गेली की तंटा मिटला, अशी नोंद होई. तिच्या जाण्यानंतर घरात काय घडले, हे नोंदवायला वहीत रकाना नव्हता.

बोलते करणे

तिसरे उत्तर वैद्यकातून आले. १९५४पासून अमेरिकेत मरे बोएन या मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाबरोबर त्याचे सबंध कुटुंबच रुग्णालयात राहायला आणून पाहिले. १९५६मध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घरातल्या दुटप्पी बोलण्याचा सिद्धांत मांडला. 'हे तुझंच घर आहे' म्हणायचे आणि 'विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नको' असेही बजावायचे. वर या विसंगतीबद्दल बोलायची सोय ठेवायची नाही. अशाने मोठा मनोविकार जडतो, हा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही. पण कोणाचे चुकले यापेक्षा घरात बोलणे कसे चालते हे पाहण्याची सवय राहिली. तिलाच कौटुंबिक उपचारपद्धती म्हणतात.

आपल्याकडे हीच वाट वेगळ्या गरजेतून सापडली. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू दिले. खाटा कमी, माणसे कमी, पण घरची माणसे आजार समजून घेऊ लागली आणि रुग्ण घरी परतू लागले. वेल्लोर आणि बंगळूरला हा मार्ग पुढे रुजला. महाराष्ट्रात १९८६मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' उभे राहिले. व्यसनी माणसाइतकेच त्याच्या बायकोकडेही तिथे लक्ष दिले गेले. दारू एकाच्या घशात उतरत असली तरी झिंगते सबंध घर, हे आमच्या भागात कोणाला वेगळे सांगायला नको.

बोएनची एक कल्पना मला आपल्या बैठकीच्या संदर्भात फार उपयोगाची वाटते. दोघांतला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला ओढून घेतात आणि त्रिकोण तयार होतो. नवऱ्याशी बोलता येत नाही म्हणून बायको मुलाशी बोलते. बायकोला सांगता येत नाही म्हणून नवरा आईकडे कुरकुरतो. मग भांडण सासू-सुनेचे दिसते आणि ज्याचे आहे तो ओट्यावर तंबाखू मळत बसतो. या नजरेने पाहिले तर आपला मामा, आपले पंच, समितीचे अध्यक्ष हे सारे त्रिकोणाचे तिसरे कोन आहेत. ते बाजू घेतात, ताण तात्पुरता उतरतो आणि मूळची दोघे एकमेकांशी एक शब्दही न बोलता घरी जातात.

समुपदेशकही तिसराच. फरक एवढाच की तो तिथे बसतो आणि बाजू घ्यायला नकार देतो. "ह्याला विचारा" असे म्हटले की तो म्हणतो, "तुम्हीच विचारा, समोर आहे." प्रत्येकाने दुसऱ्याचे गुन्हे मोजण्याऐवजी स्वतःला काय होते ते सांगायचे, दुसऱ्याने उत्तर देण्याआधी काय ऐकले ते बोलून दाखवायचे. "तू कधी घराकडे बघतोस का?" या वाक्याच्या जागी "संध्याकाळी तू आला नाहीस की मला धास्ती वाटते" हे वाक्य आणायला कधी चार बैठका लागतात. जे कुटुंब तीस वर्षे हुकूम आणि अबोला या दोनच भाषा बोलत आले, त्याला तिसरी भाषा शिकायला वेळ लागणारच.

या पद्धतीच्या मर्यादाही आमच्याच मातीत दिसतात. शेवगाव-पाथर्डीतून ऊसतोडीला जाणारे जोडपे मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल जोडीच्या नावावर येते. अशा घरात बायको माहेरी निघून गेली तर संसाराबरोबर कर्जाचा करारही मोडतो. तिला परत आणायची घाई कोणाला आणि कशासाठी, हे न पाहता केलेले समुपदेशन मुकादमाचेच काम करील. तीच गोष्ट बहिणींच्या हिश्शाची. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि देशाने २००५मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला. तरी हक्कसोडपत्रावर सही केली नाही की माहेरचे दार बंद होते. तिथे 'प्रेमाने बोला' हा सल्ला अपुरा आहे. आधी हक्क मान्य, मग बोलणे.

आणि मारहाण हे भांडण नव्हे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने समुपदेशनाची वाट ठेवली, पण २००६च्या त्याच्या नियमांत एक महत्त्वाची अट घातली: समुपदेशनात समोरच्याला आपल्या हिंसेचे समर्थन करता येणार नाही. 'तिने उलट उत्तर दिले म्हणून' हे वाक्य तिथे चालत नाही. तडजोड आणि संवाद यांमधली रेषा मला यापेक्षा स्पष्ट कुठे आढळली नाही. जिथे दोघांनाही निर्भयपणे बोलता येते तिथेच संवाद. जिथे एकाला भीती आहे तिथे आधी संरक्षण हवे.

आज आमच्या तालुक्यातल्या घराला कोर्ट जवळ आहे, पोलीस ठाणे जवळ आहे, बैठक तर दारातच आहे. शिकलेला समुपदेशक गाठायचा तर बहुधा एका दिवसाची मजुरी बुडवून नगर गाठावे लागते. म्हणून गावातल्या बैठकीलाच नवे वळण द्यावे, असे माझे मत झाले आहे. तिच्यात बायका बरोबरीने बसाव्यात, पंचांनी पहिला तास काही न ठरवता ऐकावे, आणि मिटले म्हणून वही बंद करण्याऐवजी महिन्याने घरी जाऊन विचारपूस करावी. याला खर्च फारसा नाही. निवाडा देण्याचा मान सोडावा लागेल, एवढेच. आणि मग पुढच्या पिढीतल्या एखाद्या संशोधकाच्या हाती जे कागद लागतील, त्यांत 'आपसांत पटत नाही' या ओळीच्या पुढे आणखी काही लिहिलेले असेल.