तडकलेले पाते

वर्गातला छताचा पंखा डगमगू लागला की आपण म्हणतो, पाते वाकले असेल. एक पाते हवा जास्त ढकलते, दुसरे कमी. मग सारा पंखाच थरथरतो. अशाच एका बिघाडातून १९०८ साली एका माणसाचा जीव गेला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातातला तो पहिला मृत्यू.

स्थळ अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील फोर्ट मायर हे लष्करी ठाणे. दिवस १७ सप्टेंबर. ऑर्विल राइट लष्कराला आपल्या विमानाची प्रात्यक्षिके दाखवीत होते. विमानाने दोन माणसे वाहून न्यावीत ही लष्कराची अट होती. म्हणून त्या संध्याकाळी शेजारी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज बसले. वय अवघे २६. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांच्या विमान बांधणाऱ्या गटाचे ते सचिव होते. विमानाच्या मागच्या बाजूस दोन लाकडी पंखे होते. पूर्वीपेक्षा थोडे लांब असे हे नवे पंखे नुकतेच बसवलेले होते.

मैदानाला तीन फेऱ्या सुरळीत झाल्या. चौथ्या फेरीत ऑर्विलना मागून हलकी टकटक ऐकू आली. वळून पाहिले, तर काहीच दिसेना. उतरायचे ठरवतात तोच दोन मोठे धक्के बसले. त्यांनी इंजिन बंद केले. पण विमान वळले आणि नाक खाली करून कोसळले. सेल्फ्रिज यांची कवटी फुटली होती. शुद्धीवर न येताच ते त्याच रात्री वारले. ऑर्विल यांची मांडी व बरगड्या मोडल्या.

आता प्रश्न उरला: सुरुवात कशाने झाली? मोडक्या सांगाड्यात तुटलेले पाते होते, तुटलेली तार होती, कलंडलेले सुकाणूही होते. पण यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता? राइट यांच्या कारागिरांनी पंख्याचे तुकडे रुग्णालयात ऑर्विलपुढे आणून ठेवले. त्यांची शिक्षिका बहीण कॅथरिन शाळेतून रजा घेऊन शुश्रूषेला आली होती. खाटेवर पडल्यापडल्या ऑर्विल यांनी दुवे जुळवले.

पाते लांबीच्या दिशेने तडकले, त्यामुळे त्याचा हवेवरचा जोर घटला. दुसऱ्या पात्याचा जोर मात्र कायम होता. या विषमतेने थरथर सुरू झाली, आसाचे आधार सैल झाले आणि पंखा जागचा सरकून सुकाणूच्या आधारतारेला लागला. तार निसटली. उभे असायचे ते सुकाणू जवळजवळ आडवे झाले.

येथे थोडे थांबू. उभी फळी विमानाला डावीउजवीकडे वळवते. तीच आडवी झाली की खालून लागणारी हवा शेपटी वर उचलते. शेपटी वर गेली की नाक खाली जाणारच! जमीन जवळ आली तेव्हा विमान सावरू लागले होते, पण उंची अपुरी पडली. लष्कराच्या मंडळानेही पाते तुटल्यामुळे ताबा सुटला आणि विमान सुमारे ७५ फुटांवरून पडले, असाच निष्कर्ष काढला.

१९०९ साली ऑर्विल त्याच मैदानावर परतले. सुधारलेल्या विमानाने चाचण्या पार केल्या आणि लष्कराने ते विकत घेतले.

'चूक कोणाची?' एवढेच विचारून ते थांबले असते, तर हाती फार तर एक नाव लागले असते. 'आधी काय झाले, मग काय झाले?' असे विचारल्यामुळे तडकलेले पाते सापडले. प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटते तेव्हा आपण विद्यार्थ्याला यांपैकी कोणता प्रश्न विचारतो, हे आपण शिक्षकांनी एकदा तपासून पाहावे. आणि उत्तर मिळेपर्यंत फुटलेले तुकडे टाकून देऊ नयेत.