रामलीला मैदान : आपल्या गावची रंगभूमी

पुण्यात नोकरीला लागले तेव्हा ऑफिसातल्या एका नाटकवेड्या मैत्रिणीने विचारले, "तुमच्या हिंगोलीत नाटकं व्हायची का गं?" मी 'नाही' म्हणून मोकळी झाले. ते उत्तर चुकले होते. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते दुरुस्त करते.

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ पासून मोजतो. त्या वर्षी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले. पुढे बाराच वर्षांनी, १८५५ मध्ये, खाकीबाबा मठाच्या मानदासबाबांनी हिंगोलीचा दसरा सुरू केल्याचे सांगतात. त्या दसऱ्यातली रामलीला हीच आपली रंगभूमी. कथा दोन्हीकडे रामायणाचीच. फरक एवढाच की सांगलीत आश्रय संस्थानिकांचा होता, आपल्याकडे मठाचा आणि गावकऱ्यांचा.

पण उत्तरेतली रामलीला मराठवाड्यात रुजली कशी? उत्तर आपल्याच पत्त्यांमध्ये आहे. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही सगळी नावे छावणीची. हैदराबाद कंटिन्जंटची ही छावणी १९०३ पर्यंत इथे होती आणि त्या फौजेत उत्तर हिंदुस्थानी शिपाई पुष्कळ असत. 'खाकी' हे नावही उत्तरेतल्या रामानंदी बैराग्यांच्या एका आखाड्याचे. शिपाई आणि साधू यांच्या वाटेनेच रामलीला आली असावी, असा माझा तर्क आहे. त्यात निजामाचा कारभार उर्दूत. त्यामुळे मराठी घरांतल्या माणसांनाही हिंदी संवाद परके वाटले नसणार.

छावणी गेली, १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९९९ मध्ये परभणीतून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. मैदानाचे नाव मात्र रामलीलाच राहिले. २००८ मध्ये युनेस्कोने रामलीलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा मला आधी आठवले ते हेच मैदान.

आम्ही मुली आजीजवळ सतरंजीवर बसायचो. सीतेचे काम पुरुषच करी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी सीता झाले, तेव्हा सगळ्यांनी माझ्या पदर सांभाळण्याचे कौतुक केले. ते मी त्या सीतेकडूनच उचलले होते!

आजीने माझ्या कितीतरी आधीची रामलीला पाहिली होती. मी तिला कधी नीट विचारले नाही. कामात मी रोज बॅकअप घेते, आजीच्या आठवणींचा मात्र राहून गेला.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, ज्यांच्या घरी अजून ऐंशीच्या पुढचे कुणी आहे, त्यांनी या सुट्टीत एवढे करा. उजेड कशाचा होता, कपडे कोण शिवायचे, रावण कोण व्हायचा, हे त्यांना विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या स्नेहमेळाव्याला ते घेऊन या. आपल्या रंगभूमीचा इतिहास आपणच लिहायचा आहे.