रोहीचे दोन देश

अमेरिकेच्या टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेजवळ, लगुना अटास्कोसा हे राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या सार्वजनिक वनभूमीत नेमून दिलेल्या दिवशी परवानाधारक नागरिक धनुष्यबाण घेऊन शिकारीला जातात. ज्या प्राण्यांच्या शिकारीला तेथे मुभा आहे, त्यांत एक नाव अस्सल भारतीय आहे : नीलगाय. विदर्भातला शेतकरी जिला रोही म्हणतो, तीच ही.

रोही हे आशियातील सर्वांत मोठे कुरंग. १७६६ मध्ये पीटर पल्लास या निसर्गशास्त्रज्ञाने तिचे शास्त्रीय वर्णन केले. ‘बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस’ या आजच्या नावात बैल, हरीण, बोकड आणि उंट असे चार प्राणी दडले आहेत. युरोपीय अभ्यासकांचा गोंधळ त्यातून दिसतो. लोकांनी दिलेले ‘गाय’ हे नाव मात्र अगदीच निराधार नाही. वर्गीकरणात ती काळविटापेक्षा गायीच्या अधिक जवळची आहे, आणि चौशिंगा हा तिचा सख्खा म्हणावा असा नातेवाईक.

मोगल दरबारात नीलगायीची शिकार प्रतिष्ठेची होती. जहांगीर बादशहाचा चित्रकार मन्सूर याने काढलेले नीलगायीचे चित्र आजही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. याच जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात एक प्रसंग नोंदवला आहे. नेम धरलेला असताना एक मोतद्दार आणि दोन कहार अचानक समोर आले आणि नीलगाय पळाली. बादशहाने मोतद्दाराला जागीच ठार करवले आणि कहारांच्या पायांच्या शिरा तोडवल्या. त्या काळी शिकार हा राजाचा अधिकार होता, आणि त्याची किंमत प्रजा मोजत असे.

टेक्सासमध्ये हा प्राणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोहोचला. किंग रँच या विस्तीर्ण खासगी पशुपालन क्षेत्रात प्राणिसंग्रहालयांतून आणलेल्या नीलगायी सोडण्यात आल्या. उष्ण हवामान, काटेरी झुडपे आणि गवताळ मैदाने त्यांना मायदेशासारखीच वाटावीत अशी होती. शिवाय तेथे वाघ नव्हता. मादीला अनेकदा जुळी पिल्ले होतात, त्यामुळे संख्या झपाट्याने वाढली. आज ती तीस हजारांच्या घरात किंवा त्याहून अधिक मानली जाते.

एखादी जात ‘परकी’ ठरते ती तिच्या गुणदोषांवरून नव्हे, तर स्थानावरून. बंगळूरूच्या सर्जापूर रोडजवळच्या बेळ्ळंदूर तलावावर पसरणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. स्वदेशात ती तेथील कीटकांच्या आणि पुरांच्या धाकात असते. इथे तो धाक नाही आणि सांडपाण्यातून खत मात्र भरपूर मिळते. नीलगायीने टेक्सासमध्ये हाच प्रवास उलट दिशेने केला.

तेथे तिच्याकडे गंभीरपणे पाहिले जाते ते मुख्यतः एका गोचिडीमुळे. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८९३ मध्ये गुरांचा ‘टेक्सास ताप’ गोचिडीमार्फत पसरतो हे सिद्ध केले. सस्तन प्राण्याचा रोग संधिपाद जिवामार्फत पसरतो, याचा हा पहिला भक्कम पुरावा. १९०६ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेने १९४३ पर्यंत ही गोचीड रिओ ग्रांद नदीकाठच्या अरुंद पट्ट्यापुरती मागे रेटली. पाळीव गुरांना औषधी पाण्यात बुडवून काढता येते. कुंपणाखालून शिरून मैलोन्‌मैल भटकणाऱ्या नीलगायीला ते शक्य नाही. यातली विसंगती अशी की, ‘मायक्रोप्लस’ नावाची तेथील त्रासदायक गोचीडही मूळची आशियाचीच मानली जाते.

शिकारीचे नियोजन या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. टेक्सासमध्ये परदेशी खुरधारी प्राण्यांना बंद हंगाम नाही आणि मारण्याच्या संख्येला कमाल मर्यादाही नाही. सार्वजनिक आश्रयस्थानात मात्र दिवस, क्षेत्र आणि शस्त्र ठरवून दिलेले असते. कारण याच काटेरी झुडपांत ऑसेलॉट हे रानमांजर राहते आणि अमेरिकेत त्याची संख्या शंभराहूनही कमी उरली आहे. धनुर्धाऱ्याला तीस-चाळीस मीटरपर्यंत जवळ जावे लागते. नीलगायीची नजर तीक्ष्ण, कातडी जाड, आणि काळीज-फुप्फुसे छातीत पुढे व खाली. नेम थोडा चुकला तरी जखमी प्राणी झाडीत नाहीसा होतो. त्यामुळे वाऱ्याची दिशा, पाणवठे आणि पायवाटा यांचा अभ्यास आधी करावा लागतो.

एवढे करूनही संख्या आटोक्यात येते का? येथे जीवशास्त्र आडवे येते. शिकाऱ्याला हवा असतो निळसर-करडा, शिंगांचा नर. परंतु एक नर अनेक माद्यांशी समागम करतो, त्यामुळे काही नर कमी झाल्याने जन्मदर फारसा घटत नाही. संख्या घटवायची तर माद्या कमी व्हाव्या लागतात. म्हणूनच शासनाने हेलिकॉप्टरमधूनही नीलगायी टिपल्या. संशोधकांनी आणखी एक मार्ग शोधला. नीलगाय एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकते आणि कुंपण ओलांडण्याच्या तिच्या जागाही ठरलेल्या असतात. तेथे दूरनियंत्रित फवारे बसवून गोचिडी मारणाऱ्या सूत्रकृमींचा फवारा तिच्या अंगावर सोडण्याचे प्रयोग झाले. प्राणी न मारता रोगाची साखळी तोडण्याचा हा प्रयत्न.

१९७२ हे वर्ष दोन्ही देशांच्या इतिहासात येते. त्या वर्षी अमेरिकी कायद्यातील दुरुस्तीने धनुष्यबाणांवरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. त्याच वर्षी भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील हौशी शिकार संपुष्टात आली. एका देशाने शिकाऱ्याकडून संवर्धनाचा खर्च वसूल केला. दुसऱ्याने, संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या शिकारीची स्मृती ताजी असताना, शिकाऱ्यालाच दूर ठेवले. दोन्ही निर्णयांमागे आपापला इतिहास आहे.

मात्र शेतात उतरणारा कळप हा इतिहास जाणत नाही. हरभरा आणि तूर वाचवण्यासाठी विदर्भात शेतकरी थंडीच्या रात्री जागल करतात. पिकांच्या नुकसानीमुळे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रोही आणि रानडुकरांच्या नियंत्रणासाठी परवानगीची पद्धत ठरवली. त्याच वर्षअखेर केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगायीला ‘उपद्रवी’ घोषित केले. जून २०१६ मध्ये मोकामा येथे दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आणि त्यांच्या मंत्रिमंडळातील सहकारी मनेका गांधी यांच्यात जाहीर वाद झाला. एका बाजूला राज्यांची मागणी आणि शेतकऱ्यांचे नुकसान होते, दुसऱ्या बाजूला हत्येचा निषेध. मारल्यानंतर पुढच्या हंगामात नुकसान किती घटले, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

तोच प्रश्न टेक्सासच्या अनुभवातून पुढे येतो. बाणाने असो वा बंदुकीने, किती प्राणी मारले हा यशाचा मापदंड नव्हे. कळप किती मोठा आहे, त्यात माद्या किती, कोणत्या काळात त्या शेताकडे वळतात, आणि उपायानंतर पीक किती वाचले, या नोंदी आधी हव्यात. त्या नसतील तर शिकारीला परवानगी देणे आणि नाकारणे हे दोन्ही अंधारातले नेम ठरतात. जागल करणाऱ्या शेतकऱ्याला आणि रोहीला, दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागते.