बांबूच्या परवान्याची हकीकत



इतिहास म्हटला कीं लढाया, तह आणि सिंहासनें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. मीही चांद्याच्या मुलखाचा इतिहास मुलांना असाच शिकवीत आलों. गोंड राजांचा परकोट आणि १८५८ सालीं चांद्यास फांसावर गेलेले बाबूराव शेडमाके, एवढें सांगितलें कीं माझा धडा संपे. आज मात्र मी एका परवान्याच्या पुस्तकाची हकीकत सांगणार आहें. असल्या क्षुल्लक वस्तूसाठीं एका गांवानें पिढीभर झगडावें, हें प्रथम चमत्कारिक वाटेल; परंतु त्या पुस्तकामागें ‘जंगल कोणाचें?’ हा फार जुना प्रश्न उभा आहे.

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेंढा नांवाचें गांव आहे. शेजारच्या लेखा गांवाशीं जोडून त्यास मेंढा (लेखा) म्हणतात. वस्ती सुमारें पांचशें, गोंडांची. भोंवतीं साग, मोह, तेंदू आणि बांबू यांचें दाट रान. घराचा कूड बांबूचा, कुंपण बांबूचें, सूप-टोपल्या बांबूच्या. पावसाळ्यांत बांबूचे कोंवळे कोंब, म्हणजे वास्ते, भाजीला. अशा गांवास बांबू परका झाला, तर राहिलें काय?

आणि तो परका झालाच. मालगुजारी व जमीनदारीच्या काळांत जळण, कुंपण आणि घरबांधणी यांसाठीं रानांतून माल आणण्याची गांवकऱ्यांस मुभा असे. तिला निस्तार हक्क म्हणत. त्या वेळीं चांदा जिल्हा मध्य प्रदेशांत होता. तेथील १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, हें उचितच झालें. परंतु जंगल सरकारजमा झालें आणि निस्तार हक्क उत्तरोत्तर आकसत गेले. त्यांतच १९२७ च्या वन कायद्यानें बांबूची गणना झाडांत केलेली होती. वनस्पतिशास्त्र बांबूस गवत म्हणतें, कायदा त्यास झाड म्हणे. आणि एकदां झाड ठरलें कीं तोडण्या-विकण्याचा अधिकार वनखात्याकडे. पुढें या मुलखांतील बांबू दीर्घ मुदतीच्या करारानें बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाऊं लागला.

१९८० नंतरच्या दशकांत मी जंगलपट्टींतील एका शाळेंत होतों. एका विद्यार्थ्याच्या बापानें छपरासाठीं चार बांबू आणले होते. ते एका पहारेकऱ्यानें जप्त केले. त्याच दुपारीं शाळेवरून बांबूनें भरलेल्या मालमोटारी धूळ उडवीत गेल्या. पोरानें विचारलें, “गुरुजी, त्यांचे बांबू कां नाहीं धरत?” मीं त्यास पाढे म्हणावयास सांगितलें. दुसरें उत्तर मजजवळ नव्हतें.

मेंढ्यानें तें उत्तर शोधलें. इंद्रावतीवर भोपालपट्टणम् आणि गोदावरीवर इंचमपल्ली येथें मोठीं धरणें बांधण्याचा बेत त्या सुमारास होता. त्याविरुद्ध १९८४ च्या आगेंमागें ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हें आंदोलन उभें राहिलें. बाबा आमटे आणि लालश्यामशहा महाराज त्यांत अग्रभागीं होते. त्या चळवळीनें मेंढ्यासही जाग आली. गांवचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासांतून पुढें एक घोषणा रूढ झाली : ‘दिल्ली-मुंबईंत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार.’

घोषणा करणें सोपें असतें. ती पाळणें कठीण. मेंढ्यानें दोन नियम पत्करले. पहिला असा कीं, निर्णय बहुमतानें नव्हे, सर्वसंमतीनें घ्यावयाचा. एकाचाही विरोध उरला तर पुन्हां बसावयाचें. दुसरा असा कीं, निर्णयापूर्वीं अभ्यास करावयाचा. त्यासाठीं गांवानें अभ्यासगट चालविला. कायद्याचीं कलमें, जंगलाचे नकाशे, सरकारी ठराव यांवर तेथें चर्चा होई आणि बाहेरचा जाणकार आला तर त्यासही प्रश्न विचारले जात. नागरिकशास्त्रांतील ग्रामसभेचें प्रकरण मी एका तासांत उरकीत असें. या गांवानें त्याच प्रकरणाचा वर्षानुवर्षें अभ्यास केला!

या अभ्यासाचा कस पुढें लागला. डिसेंबर २००६ मध्यें संसदेनें वनहक्क कायदा संमत केला. त्यांत बांबूस स्पष्ट शब्दांत गौण वनउपज म्हटलें आणि तिच्यावरील मालकी वननिवासींची मानली. २००९ सालीं मेंढ्यास सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांपैकीं तें एक होतें. परंतु तोडलेला बांबू विकावयाचा तर तो रानाबाहेर नेण्यास वाहतुकीचा परवाना हवा. परवाना देणार वनखातें. आणि खात्याच्या लेखीं बांबू अद्यापि झाडच! हक्क हातीं, पण माल रानांत अडकलेला, अशी ही स्थिति. ग्रामसभेनें हात जोडले नाहींत कीं हात उगारला नाहीं. कायद्याचें कलम पुढें ठेवून तिनें आपलें म्हणणें सोडलें नाहीं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यास आले, आणि परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें. ज्या रानांत चार बांबूंसाठीं माणूस चोर ठरे, त्या रानाचा परवाना आतां गांवच लिहूं लागलें.

पुढें ग्रामसभेनें स्वतः बांबू विकला, मजुरी वांटली, हिशेब ठेवला. २०१३ सालीं तर १९६४ च्या ग्रामदान कायद्यान्वयें आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नांवें करण्याचा निर्णय गांवानें घेतला. जिल्ह्यांतील इतर अनेक ग्रामसभाही बांबू आणि तेंदूपानें यांचा व्यवहार पाहूं लागल्या. म्हणून सारें सुरळीत झालें, असें मात्र नव्हे. एटापल्लीकडील सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणींस तिकडील अनेक ग्रामसभांनीं विरोध केला, तरी खाणकाम चालूच आहे. गांवाची संमति म्हणजे काय, हा प्रश्न तेथें अद्यापि सुटलेला नाहीं.

इंग्लंडांत १२१७ सालीं वनांची सनद निघाली आणि राजाच्या रानांत गुरें चारण्याचे, जळण आणण्याचे सामान्यांचे हक्क मान्य झाले. शाळांतून मॅग्ना कार्टा शिकवितात. ही धाकटी सनद कोणाच्या ध्यानांत नसते. मेंढ्याचें परवान्याचें पुस्तक मला तिच्याच कुळांतलें वाटतें. कायदा संसदेंत होतो, हें खरें. पण हक्क गांवांत यावयाचा तर तेथें कोणी तरी कलम वाचणारा आणि रोज सभेस येऊन बसणारा लागतो. पाढे म्हणावयास लावलेला तो मुलगा आज पन्नाशीच्या घरांत असेल. कोठें भेटलाच, तर त्याच्या प्रश्नाचें हें उशिरानें सांपडलेलें उत्तर त्यास सांगावें, एवढीच इच्छा आहे.